दहा चित्रांचं दान

"अहो, माळ्यावरची माझी निळी फाइल कुठाय?" रविवारी सकाळी स्टुलावर उभी राहून मृदुलाने विचारलं, तेव्हा नंदकिशोर चहात टोस्ट बुडवत होता. टोस्ट चहातच राहिला.

नंदकिशोर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. तिथे वर्षभर हात न लागलेल्या वस्तूवर लाल चिठ्ठी लावतात. आठ दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, की वस्तू बाहेर. असली शिस्त माणसाने कंपनीच्या गेटवर ठेवून घरी यावं. नंदकिशोर ती ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये घेऊन आला. त्यात सोसायटीने भोसरीतल्या एका गरजू शाळेसाठी पुस्तकं, रंग आणि कागद गोळा करायला घेतले. शनिवारी तो दोन खोकी स्वतःच्या हाताने देऊन आला होता.

"तिच्यावर चिठ्ठी होती," तो म्हणाला. "आठ दिवस होती. कुणी ऑब्जेक्शन घेतलं नाही."

"माळ्यावर? कुणी घ्यायचं होतं, पालींनी?"

"बारा वर्षं तू हात लावला नव्हतास गं तिला."

"बारा वर्षं मी ओवीला वाढवत होते," मृदुला म्हणाली आणि स्टुलावरच बसली.

फाइलमध्ये चित्रकला शिक्षिकेच्या कोर्सला असताना काढलेली तिची दहा चित्रं होती. ओवी झाल्यापासून तिने ब्रश धरलेला नव्हता. आणि सोमवारी दहा वाजता जवळच्या एका शाळेत तिची मुलाखत होती. 'स्वतःची दहा चित्रं सोबत आणावीत' असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. बेचाळिसाव्या वर्षी अशी बोलावणी पुन्हा पुन्हा येत नसतात.

नंदकिशोरने भोसरीच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका सुमनताईंना फोन लावला. बाई खूश होत्या.

"तुमचा कागद फार कामाला आला हो. एवढा जाड कागद आमच्याकडं कधी येतच नाही. जून महिना, सगळ्या पोरांची कव्हरं राहिलेली. मी स्वतः पट्टी लावून एकेकाचे चार-चार तुकडे करून दिले."

"बाई, त्यावर चित्रं होती."

"होती ना. पण मागची बाजू कोरी होती. चित्र आत घाला म्हटलं, नाव घालायला स्वच्छ बाजू बाहेर."

दहा चोक चाळीस, हे नंदकिशोरला फोन ठेवायच्या आत समजलं. मृदुलाला त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं.

तासाभरात दोघं स्कूटरवरून भोसरीत, शाळेतली पोरं राहत त्या शाळेमागच्या गल्लीत पोचली. बरोबर खाकी कागदाची गुंडाळी, कात्री आणि डिंक. जुनं कव्हर द्या, नवं घालून घ्या, अशी नंदकिशोरची योजना होती. पहिल्याच खोलीच्या दारात कस्तुराबाई उभ्या होत्या. त्यांचे मालक वर्कशॉपात शिफ्टला गेले होते.

"दिलेलं वापस न्यायलाव का तुमी?"

"वापस नाही ताई, बदलून देतोय."

"मंग ह्येच्यात काई खराबी हाय का?"

क्वालिटीच्या माणसाची जीभ इथे खोटं बोलायला वळेना. "नाही. माल चांगला आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या की," म्हणून कस्तुराबाई आत गेल्या.

शेवटी मृदुलाने आत जाऊन, चुलीशेजारी बसून सगळं सांगितलं आणि पहिलं कव्हर सुटलं. पण फुकट कव्हरं घालून मिळतात ही बातमी तोवर गल्लीभर झाली. रांग लागली. ज्यांनी शनिवारी काही घेतलंच नव्हतं तेही पुस्तकं घेऊन आले. शेजारच्या गल्लीतून एक बाई दहावीची गाइडं घेऊन आली, एकाने गाडीच्या पीयूसीला कव्हर मागितलं. कुणाच्या कव्हरात चित्र आहे ते उघडल्याशिवाय कळत नव्हतं, आणि उघडलं की घालून देणं भाग होतं. दुपारी चारपर्यंत नंदकिशोरने एकशे बारा पुस्तकांना कव्हरं घातली. त्यांतून मृदुलाचे एकोणतीस तुकडे निघाले.

चौथीतली दीपमाला मात्र पुस्तक देईना.

"ह्याच्यात आत नदी आहे," ती म्हणाली. "मी कव्हर काढून बघते रोज."

"रोज कुठलं? कालच तर दिलंय," नंदकिशोर म्हणाला.

मृदुलाने त्याचा हात धरून त्याला बाजूला केलं. तिला रडू येत होतं. आपलं चित्र बारा वर्षांत कुणी बघितलं असेल, तर ते या पोरीने, आणि आपण ते हिसकायला आलोय. तो तुकडा तिने दीपमालाकडेच राहू दिला.

संध्याकाळी घरी इस्त्री फिरवून जुळवाजुळव झाली. दहातली तीनच चित्रं पुरी भरली. त्यांतल्या एकाच्या आकाशातून मागचं 'गणराज, चौथी ब' उलटं उमटलं होतं. मृदुलाने तीच घेतली.

सोमवारी प्राचार्या विजयश्री मॅडमनी फाइल उघडूही दिली नाही. "कागद नको. आमची शाळा पेपरलेस आहे. मोबाइलमध्ये फोटो असतील ना?"

नव्हते. म्हणजे एकच होता, सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी आलेला. नंदकिशोर हसत-हसत तिचं नदीचं चित्र सुमनताईंच्या हातात देतोय, खाली 'गरजू मुलांना मदतीचा हात'. मृदुलाने जड हाताने तो पुढे केला.

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. "हे तुमचं? आणि असं चित्र तुम्ही देऊन टाकलंत?"

खरं सांगायला अर्धा तास लागला असता आणि नोकरी गेली असती. "हो," मृदुला म्हणाली.

"आणि हे गृहस्थ?"

"आमचे हे. कल्पना त्यांचीच."

नोकरी मिळाली. शिवाय पुढच्या आठवड्यात शाळेच्या पहिल्याच कार्यक्रमाला या गृहस्थांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं मॅडमनी जागीच ठरवलं.

"मी नाही येणार," नंदकिशोर घरी म्हणाला. "मला लाज वाटते."

"लाज गिळा आणि या. मला नोकरी टिकवायचीय."

कार्यक्रमाच्या दिवशी मृदुलाने बारा वर्षांनी ब्रश हातात घेतला, तो दारातल्या स्वागतफलकासाठी. 'दानशूर मा. श्री. नंदकिशोर' इथवर लिहून झालं, तेव्हा विजयश्री मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"'दानशूर' जरा मोठं हवं, मृदुला मॅडम."

मृदुलाने ओल्या फडक्याने ते पुसलं आणि मोठं काढलं.