अध्यक्षसाहेबांची लाल रेघ

नव्याण्णव पट्ट्यांना कुंकू लागलं, तेव्हाच रक्षाच्या दोन वर्षांच्या कामाचं मातेरं झालं.

आंजी गावच्या शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून रक्षानं कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक पट्टी तयार केली होती. लघवीचे दोन थेंब टाकले की एक लाल रेघ म्हणजे ठीक, दोन म्हणजे किडनी बिघडायला लागली. सोनं एवढं बारीक केलं की लालच दिसतं. अट एकच, पाकीट ऐन वेळी फोडायचं, ओल लागू द्यायची नाही. विभागप्रमुख प्रभाकररावांना तिनं हे पाच वेळा सांगितलं होतं. त्यांना पाच वेळा सांगूनही कळत नसे. फोटोत काय दिसेल ते मात्र न सांगता कळे.

"पाकिटात कशा दिसन मॅडम? ताटात मांडा साऱ्या. नवी वस्तू हाये, पूजा झालीच पाह्यजे."

"सर, खराब होतील."

"कुंकवानं कधी काही खराब झालं काय?"

शिपाई हरिदास कामाचा पक्का. त्यानं एकेका पट्टीला कुंकवाचं बोट लावलं, एक सोडली नाही. मग कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी त्याच टेबलावर नारळ फोडला. नारळाचं पाणी ताटात उडालं, त्यात कुंकू कालवलं, पट्टीपट्टीवर दोन लाल रेघा उमटल्या, आणि गावातल्या एकाही माणसानं थेंब द्यायच्या आधी नव्याण्णव जण आजारी निघाले.

रक्षाच्या पर्समध्ये एक बंद पाकीट तेवढं उरलं. ते तिनं धुरपतासाठी धरून ठेवलं. धुरपता सकाळी सातपासून रांगेत पहिली. नवरा किडनीनंच गेला होता. कळलं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. आता महिनाभर तिच्याच अंगात त्राण नव्हतं. पदराखाली खोकल्याच्या औषधाची उकळून धुतलेली बाटली, भरून आणलेली.

"माहा नंबर कवा, माय?"

"आता लगेच, मावशी."

"लगेच कसा?" प्रभाकरराव मधेच आले. "पह्यला मान साहेबांचा."

संस्थेचे अध्यक्ष ताराचंदजी यांचा उद्घाटनापासून तेरवीपर्यंत सगळीकडे पहिला मान. मग रोगाची रांग तरी का सुटावी? साहेब शाळेमागे जाऊन आले. साहेबांची वस्तू नुसती हातात धरून आणायची पद्धत नव्हती, म्हणून हरिदासनं बाटली तबकात ठेवली, वर रुमाल टाकला. माइकच्या वायरीत पाय अडकला. तबक वाचलं, बाटली गेली. 'साहेब, पुन्हा जाता का?' असं विचारायचीही पद्धत नव्हती. हरिदास गुपचूप रांगेपाशी गेला.

"मावशी, दे तुही बाटली."

"आला काय नंबर?" तिनं आनंदानं दिली.

रक्षानं नाइलाजानं ते शेवटचं पाकीट फोडून थेंब टाकले. एक रेघ आली. मग दुसरी, चांगली ठसठशीत.

प्रभाकरराव माइकवरच बोलून गेले, "बापरे, साहेब गेले!"

ताराचंदजी खुर्चीत ढासळले. "गाडी काढा रे! वर्ध्याच्या दवाखान्यात फोन लावा! सब डॉक्टर बाहर खडे पाह्यजे!" त्यांना चालता येत होतं, पण त्यांनी पाय टेकले नाहीत. चौघांनी उचलून गाडीत कोंबलं.

रक्षाचं लक्ष बाटलीवर गेलं. "हरिदासभाऊ, ही कोणाची?"

हरिदास तबकावरच्या रुमालाची घडी घालू लागला. धुरपता मात्र गाडीपुढे जाऊन उभी राहिली होती.

"माहा रोग घेऊन कुठं चाल्ले, साहेब?"

"क्या बोलती है ये?"

"बाटली माही हाये. तुमची तं वायरीपाशी सांडली. इचारा हरिदासले."

ताराचंदजींनी हरिदासचं तोंड पाहिलं आणि गाडीतून टुणकन उडी मारली. बाईची विचारपूस करायला नव्हे, माइक गाठायला. "मित्रहो, मी ठणठणीत हाये!" टाळ्या पडल्या. प्रभाकररावांनी पेढे मागवले. एका बाईची किडनी बिघडलेली निघाली, आणि हे पेढे खायला निघाले!

रक्षानं गाडीच्या उघड्या दारातून धुरपताला आत बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि ड्रायव्हर गोपालकडे पाहिलं.

"बसा ताई," गोपाल म्हणाला. "तासभर तं माइक सुटत नाई त्याइच्या हातून."

दवाखान्याच्या पायरीवर तीन डॉक्टर, दोन नर्स आणि चाकांची खुर्ची तयार होती. धुरपता उतरली, पदरानं खुर्ची झटकली आणि ऐसपैस बसली.

"साहेब कुठे आहेत?" मोठ्या डॉक्टरांनी गाडीत डोकावून विचारलं.

"थे भाषण करून राह्यले," ती म्हणाली. "रोग मी आणला."