डिस्क वाचली जाण्याच्या अकरा अटी

यंत्र बंद पडलं की माणूस कारण शोधतो. यंत्र चालू झालं की जे समोर दिसेल ते कारण ठरतं. पहिल्या प्रकाराला दुरुस्ती म्हणतात. दुसऱ्याला अनुभव म्हणतात, आणि घरात मान त्यालाच असतो.

आमच्या घरातल्या गेम कन्सोलचं दुखणं दुहेरी होतं. डिस्क आत घातली की दहातल्या सात वेळा पडद्यावर ‘डिस्क वाचता येत नाही’ असं यायचं. उरलेल्या तीन वेळा डिस्क वाचली जायची, पण खेळ सुरू व्हायला चौदा मिनिटं लागायची. तेवढ्यात आई दोन मजल्यांचा जिना झाडून परत यायची.

कन्सोल बाबांचा. बाबांनी एकतीस वर्षं पाण्याचे मीटर तपासले. निवृत्तीनंतर ते मालट्रक चालवतात, म्हणजे पडद्यावर. एका न पाहिलेल्या बंदरातून लाकडाचे ओंडके उचलतात, दुसऱ्या न पाहिलेल्या गावी पोचवतात, वळताना न चुकता इंडिकेटर देतात, आणि कुणी चुकीच्या बाजूने पुढे गेलं तर त्याच्या गाडीचा नंबर लिहून ठेवतात. (कारवाई अद्याप प्रलंबित.)

सुरुवातीला सर्वमान्य उपाय झाले. कंपनीच्या मदत-क्रमांकावरच्या बाईंनी यंत्र बंद करून तीस सेकंद थांबायला सांगितलं. हा उपाय उत्तम आहे. तीस सेकंदांत यंत्र सुधारत नाही, पण माणूस निवळतो. मग फुंकर मारून झाली. (फुंकरीबरोबर थुंकीही जाते, प्रमाण उपलब्ध नाही.) मग बनियनने पुसणं. डिस्क मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये, असं मी सांगितलं.

“गोल वस्तू गोलच पुसतात,” बाबा म्हणाले. “ताटं कशी पुसतेस?”

विज्ञानाची पदवी माझ्याकडे आहे, पण ताटं मी तशीच पुसते.

एका रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी डिस्क पहिल्या फटक्यात वाचली गेली. “कोणीही हलायचं नाही!” बाबा ओरडले, आणि त्यांनी तिथल्या तिथे पंचनामा केला. त्या क्षणी घरात जे काही होतं, त्यातलं नेमकं कशामुळे काम झालं हे सांगता येत नसल्यामुळे ते सगळंच आवश्यक धरण्यात आलं. अशा अकरा अटी निघाल्या. बाबांच्या डाव्या पायात मोजा असावा, उजव्यात नसावा. फ्रिजचं दार चार बोटं उघडं असावं. आईच्या तोंडात दोन टाचण्या असाव्यात (ती पडदा शिवत होती). बाथरूमचा नळ मिनिटाला बावीस थेंब या वेगाने गळावा. हे बाबांनी स्वतः मोजलं, त्यांचा तो विषय आहे. अट क्रमांक पाच माझी. त्या क्षणी मी “बाबा, आतल्या भिंगावर धूळ” एवढंच बोलले होते. म्हणून रोज तेवढंच बोलायचं आणि तिथे थांबायचं असं ठरलं. सहावी आणि आठ ते अकरा या अटी किरकोळ होत्या: उशी, खिडकी, घड्याळ वगैरे. त्यांची तक्रार नव्हती.

अडचण सातव्या अटीची होती. ती म्हणजे मामा.

मामा हा आईचा धाकटा भाऊ, धंद्याने वायरमन. दोन वर्षं खेटे घातल्यावर त्याला मालवाहू बोटीवर नोकरी मिळाली होती आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला बोट सुटणार होती. तो निरोप घ्यायला आला होता. चार वाजून दहा मिनिटांनी तो दारात उभा होता, एका पायात बूट, उजव्या खांद्यावर बॅग, आणि म्हणाला होता, “बरं, येतो मी, भावोजी.”

तो गेला नाही. सोमवारी त्याने त्याच दारात, त्याच बुटात, तसाच निरोप घेतला आणि डिस्क वाचली गेली. (दहात तीनदा ती तशीही वाचली जायची, हे मी निदर्शनास आणून दिलं. हे वाक्य अटींत बसत नसल्याने नोंदवलं गेलं नाही.) मंगळवारी डिस्क वाचली गेली नाही. चौकशीत दोष मामाकडे निघाला.

“परवा तुझ्या आवाजात ओढ होती,” बाबा म्हणाले. “आज नुसतं म्हणायचं म्हणून म्हणालास.”

“कारण मी जात नाहीये ना, भावोजी!”

“मग जायचं मनात आण.”

“दोन वर्षं तेच आणतोय हो मनात.”

“हां! हाच सूर धर.”

आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. “अहो, सोडा त्याला. बोट जाईल त्याची.”

“मी काय जन्मभर ठेवून घेतोय? शुक्रवारपर्यंत थांब म्हणतोय.”

“बोट शुक्रवारचीच आहे!”

“बघ, म्हणजे तारीखही जुळते. आणि टाचण्या आत घाल.”

यातलं तर्कशास्त्र निर्दोष होतं. निरोप खरा वाटायला निघण्याची इच्छा खरी हवी. ती इच्छा टिकवायची तर माणसाला निघू देऊन चालत नाही. मामा सोफ्यावर बॅगेसकट झोपू लागला. बूटही काढेना, कारण कोणत्या पायात होता यावर एकदा वाद झाला होता.

मी शास्त्रीय मार्ग सुचवला: एकेक अट काढून पाहू. बाबा तयार झाले, पण डिस्क झिजू नये म्हणून दिवसाला एकच प्रयत्न, आणि एकही शक्यता वगळायची नाही, ही त्यांची शिस्त. अकरा अटींच्या ठेवा-काढा अशा दोन हजार अठ्ठेचाळीस शक्यता होतात. म्हणजे पाच वर्षं सात महिने. मामाने हिशेब ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

बुधवारी बाबा फिरायला गेले असताना मी चार स्क्रू काढले आणि कापसाच्या काडीवर स्पिरिटचा थेंब घेऊन भिंग पुसलं. काडीला करडी धूळ आली. डिस्क नऊ सेकंदांत वाचली गेली. खेळ सुरू व्हायला मात्र चौदा मिनिटंच लागली, कारण यंत्राची साठवण काठोकाठ भरली होती: बाबांनी प्रत्येक फेरी जपून ठेवली होती, अशा एक हजार एकशे सेहेचाळीस. त्यांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

बाबा परतल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मीटरला वळसा घालून घेतलेलं पाणीही नळाला येतंच,” ते म्हणाले. “म्हणून ती जोडणी अधिकृत होते का?”

गुरुवारी अकराही अटींसह अधिकृत प्रयत्न झाला. नऊ सेकंद. बाबांनी मामाला मिठी मारली. “मुरला! आता याच्याशिवाय नाही जमायचं.” अशा रीतीने भिंग साफ करून मी मामाचा शेवटचा मार्गही बंद केला. संध्याकाळी मामाने बोटीच्या कचेरीत फोन करून उद्या उशीर का होईल ते जसं होतं तसं सांगितलं. पलीकडून फोन ठेवण्यात आला.

रात्रभर विचार करून मला कळलं की बाबांना कारण पटवता येणार नाही. पर्यायी अट मात्र देता येईल. वर लिहिलेला सगळा मजकूर मी कागदावर उतरवला. शुक्रवारी सकाळी दहा वाजता वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई डबा परत करायला आल्या, तेव्हा तो त्यांच्या हातात दिला. त्या वाचू लागल्या. मामा बाथरूममध्ये होता. मी बटण दाबलं.

नऊ सेकंद.

बाबा न्यायी आहेत. त्यांनी वहीत लिहिलं: ‘अट क्रमांक बारा. हा मजकूर कोणीतरी वाचत असावं. (अट सातला पर्याय.)’ मामाला सहीनिशी कार्यमुक्त केलं. त्याने दुसरा बूट जिन्यात घातला. आईने हाक मारली, तरी त्याने मागे वळून ‘येतो’ म्हटलं नाही. न जाणो.

सहाव्या मिनिटाला डॉक्टरीणबाईंचं वाचून झालं आणि त्या उठल्या. त्याच मिनिटाला पडद्यावरची, खेळ किती उघडला ते दाखवणारी पट्टी अडकली. माझ्या मते एक हजार एकशे सेहेचाळीस फेऱ्यांमुळे. बाबांच्या मते वाचन थांबल्यामुळे. बाईंना पुन्हा बसवण्यात आलं, पट्टी सरकली, आणि प्रश्न मिटला. मात्र एका बाईंवर किती भार टाकायचा, त्यांचे पेशंट खोळंबलेत, म्हणून हा मजकूर छापून सर्वांसाठी खुला करण्यात येत आहे.

सध्या तुम्ही वाचत आहात. बाबांचा ट्रक एका लांब पुलावर आहे. बोट अजून वायरलेसच्या टप्प्यात आहे, आणि मामाला परत पाठवा असा निरोप तिला कसा द्यायचा हे बाबांनी विचारून ठेवलंय.

तुमचा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंचाही नव्हता, त्यांचं चौथं वाचन चालू होतं तेव्हाही नव्हता. बाबांना विचाराल तर त्यांचाही नाही. तेव्हा विश्वास वगैरे ठेवू नका. फक्त ही ओळ संपली की उठू नका, पहिल्या ओळीवर जा. तुमचं काय जातं?