सरासरी सात

"दाब. अजून दाब," रूपराव म्हणाले, आणि भागीरथाबाईंनी नवऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर सगळा भार टाकला. वरून बायकोने दाबायचं, खालून रूपरावांनी पाय रेटायचा, असं केल्याशिवाय ते नवे काळे बूट पायात जात नसत. आठवडाभर रोज सकाळी हाच प्रकार चालला होता.

"अजी, मालकाले सांगून काऊन नाई टाकत, बूट लहान होते म्हणून?"

"या हप्त्यात? तुले काही समजते का?"

समजत होतं, म्हणून त्यांनी पुन्हा खांदे दाबले. सेलूच्या वाटेवरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये रूपराव अकरा हंगाम गेटवर पहारेकरी होते. कापूस आला की नोकरी, कापूस संपला की घरी. उन्हाळाभर ओट्यावर बसायचं आणि "कधी चालू होते मंग जिनिंग?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचं, याचा त्यांना वीट आला होता. अठ्ठ्याण्णव सालच्या या हंगामात मालक भैयाजींनी पाच पहारेकऱ्यांपैकी एकाला बारमाही करायचं जाहीर केलं होतं. रूपरावांचं वय पंचावन्न. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यातच भैयाजींनी नागपूरच्या कुठल्याशा कारखान्यात बूटवाले पहारेकरी पाहिले आणि आपल्याही गेटवर बूट हवेत असं त्यांच्या मनाने घेतलं. कारकून योगेंद्रने पाचही जणांच्या पायांचे नंबर टिपून नेले: पाच, सहा, सहा, नऊ, नऊ. दुकानदार म्हणाला, एकाच नंबरचे घ्या, आजच देतो. योगेंद्र बी.कॉम. झालेला होता. त्याने बेरीज केली, पाचाने भागलं आणि सात नंबरचे पाच जोड घेऊन आला. सात नंबरचा पाय त्या गेटवर एकाचाही नव्हता.

"सरासरी एकदम बरोबर आहे," तो म्हणाला. "कोणावर अन्याय नाई."

बूट आले तशी गेटवरची स्टुलंही गेली. बुटातला माणूस बसलेला बरा दिसत नाही, असं भैयाजींचं मत. तेव्हापासून बारा तास उभं राहायचं आणि सुटीच्या वेळी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची, कोणी ओच्यात, डब्यात कापूस लपवून नेत नाही ना म्हणून.

नऊ नंबरचे दोघे म्हणजे रूपराव आणि बंडूजी. बारमाही जागेवर डोळाही या दोघांचाच. त्यामुळे दोघे गेटच्या दोन खांबांपाशी उभे राहून एकमेकांशी खोटं बोलत.

"कसे काय बूट, रूपरावभाऊ?"

"लय मस्त. पायात आहे म्हणून समजतबी नाई. तुमचे?"

"माहे तं थोडे ढिलेच होऊन राह्यले जी."

आणि दोघेही रस्त्याकडे तोंड फिरवून ओठ चावत.

शेवटी भागीरथाबाईंनाच पाहवेना. "माह्या बाबाचे जोडे आईनं असेच मोठे केलते," असं म्हणून त्यांनी शनिवारी दोन्ही बुटांत हरभरे भरले आणि वरून पाणी ओतलं. हरभरे भिजून फुगतात, फुगले की चामडं ताणतं. उपाय चांगलाच होता. पण नवऱ्याच्या पायांचे फोड पाहून त्यांचा हात सैल सुटला आणि मूठभराच्या जागी त्यांनी बूट गळ्यापर्यंत भरला. रविवारी जिनिंग बंद, म्हणून हरभऱ्यांना आणखी एक दिवस मिळाला.

सोमवारी पहाटे बुटांनी गाल फुगवले होते. आतले हरभरे इतके गच्च बसले होते की उलथन्याने उकरून काढावे लागले, आणि आंबूस वास असा सुटला की शेजारच्या अनुसयाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय सडलं वो भागीरथाबाई?" रूपरावांनी पाय घातला. आठ दिवस बुटात न मावणारा पाय आता बुटात हरवला होता. चाललं की फटक फटक वाजे आणि फुटलेल्या फोडांवर टाच घासे.

"आता काय करू?" रूपरावांचा आवाज रडवेला झाला होता.

भागीरथाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, रूपरावांची उशी उचलली आणि टराटरा उसवली. आतला कापूस त्यांनी दोन्ही बुटांत नीट अंथरला, कडेने दाबला. रूपरावांनी पाय आत सरकवला आणि डोळे मिटले, पण या वेळी सुखाने. अकरा वर्षं कापसाची राखण केली, पण कापूस म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं.

नशीब खोटं, ते असं. संध्याकाळी सुटीच्या वेळी भैयाजी स्वतः गेटवर आले. सगळी माणसं, बाया उभ्या होत्या. "गंजीतला कापूस कमी भरून राह्यला," भैयाजी म्हणाले. "जाते कुठून? रूपराव, तुम्ही सांगा. तुम्ही जुने."

पाय सुखात असले की माणसाचं तोंड सुटतं. दुखत असते तर रूपराव गप्प राहिले असते.

"जी, डबे पाहतो, ओचे पाहतो, पण चपला-जोडे कोणी पाहते का? त्याचीबी झडती घेतली पाहिजे!"

"वा! आजपासून तेच. अन् सुरुवात आपल्याच माणसापासून, म्हणजे कोणी नाव नाई ठेवणार. काढा बूट, रूपराव."

रूपरावांना तेव्हा कुठे आठवलं. ते जागचे हलेनात. योगेंद्रनेच वाकून बूट ओढला आणि पायासोबत कापसाचा हा मोठा बोळा बाहेर आला. दुसऱ्यातूनही तेवढाच.

"घरचा आहे जी," रूपराव कसेबसे म्हणाले. "माह्या उशीचा."

"कापसावर काय नाव लिहिलं असते, रूपराव?" भैयाजी दुःखाने म्हणाले. हेच वाक्य रूपरावांनी अकरा वर्षं मजुरांना ऐकवलं होतं.

"वास घेऊन पाहा जी! उशीले माह्या डोक्याचं तेल आहे!"

पण बारा तास बुटात राहिलेल्या त्या कापसाला आंबलेल्या हरभऱ्यांचाही वास होता. वास घ्यायला कोणीही पुढे आलं नाही. भैयाजींनी रुमाल नाकाला लावला आणि खिशातून एक कागद काढला. "मी तं तुमचंच नाव टाकून आणलं होतं," ते म्हणाले आणि तिथल्या तिथे नाव खोडून त्यांनी बंडूजींचं लिहिलं.

जुना माणूस म्हणून रूपरावांना घरी पाठवलं नाही, एवढीच मेहरबानी. हंगाम संपेपर्यंत त्यांना आत कापसाच्या गंजीवर टाकलं. तिथे बुटाच्या खिळ्याने ठिणगी पडू नये म्हणून जोडे घालायला मनाई. दिवसभर अनवाणी, गुडघाभर मऊ कापसात. आठ दिवसांत फोड बसले, पंधरा दिवसांत टाचा लोण्यासारख्या झाल्या. रूपरावांना मात्र जेवण जाईना. "पाय बरे आहे ना?" भागीरथाबाई विचारत आणि ते मान फिरवत.

सगळ्यात वाईट होती ती रोजची संध्याकाळ. एक तारही बाहेर जाता कामा नये, असा हुकूम होता आणि रूपरावांच्या तळव्यांना तर जागोजागी रुई चिकटलेली. त्यामुळे रांगेत त्यांचा नंबर आला की बारमाही झालेले बंडूजी गुडघे टेकत आणि दुपट्ट्याने त्यांचे तळवे पुसत.

"जावई आला का वो, बंडूजी?" रांगेतून प्रमिलाबाई ओरडायची आणि सगळ्या हसायच्या. रूपरावांना वाटे, जमीन दुभंगावी.

एके दिवशी बंडूजींचा हात पुसता पुसता थांबला. "लय नरम झाले पाय तुमचे," ते हळूच म्हणाले.

"थट्टा नका करू, बंडूजी."

"थट्टा नाई जी." बंडूजींनी वर पाहिलं तर त्यांचेच डोळे भरलेले. "माह्या अंगठ्याचं नख गेलं परवा. दुसरंबी काळं पडलं. तुमचं बरं झालं, आठ-पंधरा दिवसांत पकडल्या गेले. मले आता बाराही महिने बूट ढिले होते म्हणून सांगा लागते."

ज्या माणसाचा इतके दिवस मनातून हेवा केला, त्याच्या बुटांकडे रूपराव पाहत राहिले. मागच्या बाया खोळंबल्या होत्या.

"दुसरा," बंडूजी नाक ओढून म्हणाले.

रूपरावांनी दुसरा पाय पुढे केला.