तात्तांची मधली वेळ

“तिला कळू देऊ नकोस, उपाली. नवी आहे, घाबरेल,” माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मा, माझ्या नवऱ्याला सांगत होत्या आणि मी भिंतीपलीकडे नारळ खवत होते. (नारळ खवणाऱ्या सुनेला ऐकू येत नाही, असा आमच्या बेटावर, गॉलकडे समज आहे.)

सासऱ्यांच्या, म्हणजे तात्तांच्या पोटात गाठ होती. ऑपरेशनला ते तयार होते. फक्त दिवस चांगला हवा होता. आधी वेसाकनंतर, म्हणजे बुद्धपौर्णिमा झाल्यावर जाणार होते, मग उपालीच्या लग्नानंतर. आता बोधिवृक्षापाशी दिवा लावून कबूल केलं होतं, की नवं वर्ष लागून मुहूर्तावर दूध उतू गेलं, की निघायचं.

जुनं वर्ष सरल्यावर नवं लागेपर्यंत आमच्याकडे काही तास असे येतात, की कुणी काहीच करायचं नाही. चूल थंड, झाडू कोपऱ्यात. त्या वेळात मी आत गेले, तर तात्ता स्टुलावर चढून घड्याळाच्या काट्याशी झटत होते. खिशातून रेडिओचे सेल डोकावत होते.

“किल्ली देतोय,” ते म्हणाले.

मी गप्प. (या घरात माझा नावलौकिक तेवढाच.)

थोड्या वेळानं गावभर फटाके वाजले.

“मुहूर्त लागला वाटतं,” उपाली म्हणाला.

“लोकांना दम कुठंय? आपल्या घड्याळात अजून अर्धा तास आहे,” तात्ता म्हणाले.

“माझ्या मामंजींचं घड्याळ आहे ते. खोटं कशाला बोलेल,” अम्मा म्हणाल्या आणि अंगणात दुधाच्या मडक्यापाशी काडेपेटी घेऊन बसून राहिल्या.

तेवढ्यात शेजारच्या सोमावतीअक्का दूधभाताचं ताट घेऊन आल्या. “अगं बाई, तुमची चूल अजून थंड?”

अम्मांच्या हातातली काडेपेटी खाली पडली.

“गेला मुहूर्त,” तात्ता घाईनं म्हणाले. “आता असल्या वर्षात पोटाला सुरी कशी लावायची? पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी,” अम्मा म्हणाल्या. एरवी कावळ्यालाही दोन शब्द सुनावणारी बाई. आता पदराचं टोक नुसतं चुरगाळत राहिल्या.

मी पाणी आणायला आत गेले. तात्ता मागून आले.

“या वेळात कुणी काही सुरू करत नाही ना, पोरी,” ते हळूच म्हणाले. “म्हटलं, दुखणंही करत नसेल. तेवढीच ती मधली वेळ जरा लांबवली.”

मी स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं. लंबक निखळून माझ्या पायावर पडला. डोळ्यांत आलेलं पाणी त्याच्या नावावर खपलं, ते बरंच झालं. तशीच लंगडत मी अंगणात गेले आणि या घरातलं माझं पहिलं लांबलचक बोलणं बोलले:

“अम्मा, काटा माझ्या हातून फिरला. पण नव्या वर्षाचा डोक्याला तेल लावायचा मुहूर्त अजून परवा आहे. तेल लावलं, की तात्तांना घेऊन मीच गाडीत बसते. वेळ तेवढी सोमावतीअक्कांच्या घड्याळात बघू.”