पंखा तीनवर

त्या शुक्रवारी घरात सगळं नेहमीसारखं चाललं होतं. आई पंखा बंद करायला सांगत होती, लेक पाचवर करायला, आणि बाबांनी तो गुपचूप तीनवर आणून ठेवला होता.

"तीनवर कुणालाच बरं वाटत नाही, बाबा," लेक नेहमीप्रमाणे म्हणाली.

ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉपवर मोटरखालच्या लोखंडी प्लेटचं चित्र उभं करून, वजनाने ती किती वाकेल ते तपासत होती. मोटरचा मध्यबिंदू प्लेटच्या चार भोकांना कसा जोडायचा, ते संध्याकाळपर्यंत ठरवून साहेबांना कळवायचं होतं.

"एक जोड ताठ असतो," तिने बाबांना समजावलं. "मधला हलेल तसंच चौघांनी हलायचं. वेगळं वाकायची सोय नाही."

"तुझ्या आईसारखा."

"मला ऐकू येतंय," आई आतून म्हणाली.

"दुसऱ्यात मधला वजन चौघांत वाटून देतो आणि त्यांच्या सरासरीने आपण हलतो. स्वतःचा ताठपणा शून्य."

"बिचारा. पहिलाच बरा."

लेकीनेही पहिलाच घेतला. बाबांना तर तो इतका पटला, की छताला टांगलेल्या कपड्यांच्या चारही दांड्यांच्या दोऱ्या त्यांनी एकाच गाठीत बांधल्या. "आता एक गाठ, एक हुकूम."

आईने एका टॉवेलसाठी ती गाठ सोडली. चारही दांड्या ओल्या धुण्यासकट खाली आल्या. आईवर चादर पडली, लॅपटॉपवर पँट. बाबांनी लगबगीने लॅपटॉप पुसला, तो ओल्या बनियनने. स्क्रीन काळी झाली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला; तोही बाबांनीच घेतला.

"प्लेट उत्तम आहे, साहेब. कपडे पडलेत."

चादरीखालून आई म्हणाली, "आता तरी तो पंखा बंद करा."

शनिवारी सकाळी बाबा झोपेतून उठलेच नाहीत.

पुढे लॅपटॉप वाळून सुरू झाला. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "तुमची प्लेट केसभरही वाकत नाही. मोटर ठेवलीय की मोटरचा फोटो?"

तिने पाहिलं. बळ प्लेटचं नव्हतंच, त्या ताठ जोडाचं होतं. तिने दुसरा जोड टाकला. प्लेट खरी जिथे वाकणार, तिथे वाकली. तेवढीच जागा जाड करायची होती.

"पंखा बंद कर गं," आई म्हणाली. ती हल्ली बंद करायची, लेक पाचवर करायची, आणि मग दोघीही बोलायच्या नाहीत.

लेक उठली. बटणावर हात थांबला. तिने ते तीनवर आणलं. आई पंख्याखाली येऊन बसली.

"बाबा," लेक रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "तीनवरच बरं वाटतं. मला नेहमीच वाटायचं."