पॅराग्वेला दिलेली

आमच्या लालबागच्या चाळीत परबकाकांना सकाळी वेळ विचारायची सोय नव्हती. ते पॅराग्वेची सांगत. "थंय आता काळोख आसा. इंजिनां शेडात निजली हत." नळावर उभा असलेला माणूस रिकामी बादली घेऊन दक्षिण अमेरिकेच्या विचारात पडे.

काका गिरणीत बॉयलरवर आगवाले. संप झाला, बॉयलर थंड पडला आणि काकांना काही सुचेना. त्याच सुमारास रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकात मला पॅराग्वेच्या रेल्वेवरचा लेख सापडला. तिथे ब्रिटिश बनावटीची वाफेची इंजिनं अजून लाकडं जाळून धावत होती. ग्लासगोला बनलेली. मी सहज वाचून दाखवलं, तर काका ताडकन उठले. त्यांच्या बॉयलरवरही ग्लासगोचंच नाव होतं!

"म्हंजे दोघी एकाच म्हायेरच्यो! एक थंय दिली, एक हंय."

झालं! तिकडची म्हातारी धावते, तर आपली पेटलीच पाहिजे, हा एकच हट्ट. गेटवरच्या सभेत पुढारी पगारवाढीवर बोलत असले की काका उभे राहत, "सायेब, पॅराग्वेत..." लोक त्यांना खाली बसवत. ते पुन्हा उठत. प्रभादेवीला वॉचमनची नोकरी चालून आली, तीही त्यांनी धुडकावली. "माझी बाय पेटतली, तेव्हा मी थंय नको?"

काकू डबे करून घर चालवत. स्टोव्हला पंप मारायचं खातं काकांकडे. "दाब इलो!" अशी आरोळी आल्याशिवाय भाजी चढत नसे. "माका दोन सवती केल्यानी," काकू कुरकुरत, "एक गिरणीत, एक परदेशात!" घरात दोघंच. मूलबाळ नव्हतं.

संप विरला, गिरणी काही उघडली नाही. काही वर्षांनी कळलं, बॉयलर भंगारात निघाला. मला वाटलं, काका आता खचणार. त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि काकूंना म्हणाले, "चल. आपली बाय जाता हा. तिका रिकामी धाडूची नाय. ओटी भरूक होयी."

मीही मागोमाग गेलो. गेटवरच्या पहारेकऱ्याने अडवलं. काका जागचे हलेनात. "माझ्या चेडवाची, लेकीची ओटी भरल्याबिगर जाणार नाय," त्यांनी बजावलं. शेवटी त्याने कंटाळून दार उघडलं.

बॉयलर कापायला आलेली माणसं हातातलं काम टाकून बाजूला झाली. काकूंनी डोक्यावर पदर घेतला, लोखंडाला हळदकुंकू लावलं आणि भट्टीच्या तोंडात तांदूळ, खण, नारळ ठेवला. काका त्या गार पत्र्यावरून हात फिरवत राहिले. मला ते बघवेना.

मग काकूंनी पिशवीतून आणखी एक खण-नारळ काढून शेजारी ठेवला.

काका गोंधळले. "ह्यो कोणाचो?"

"पॅराग्वेतल्या चेडवाचो," काकू म्हणाल्या. "इतक्या लांब दिला, तेची ओटी कोण भरतला?"