चिठ्ठीवर लिहिलेली खुर्ची

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, हे सर्वमान्य सत्य आहे. हत्ती आल्यापासून मुंगी जाईपर्यंतच्या काळात समाजात मोठ्या प्रमाणावर रोजगार निर्माण होतो. डॉक्टर, नर्स, रक्त काढून नेणारे, भेटायला येऊन दुखणे वाढवणारे नातेवाईक (हे विनावेतन) आणि सर्वांच्या शेवटी, कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या काउंटरमागे, फार्मासिस्ट. 'गरज सरो, वैद्य मरो' असे वाडवडील सांगून गेले. फार्मासिस्टचे काय करायचे ते मात्र बोललेले नाहीत. त्याने उभे राहावे, एवढीच त्यांची अपेक्षा असावी.

मी स्वतः सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे नोकरी म्हणजे काय हे मला कळते. भाचीने शाळा संपवली तेव्हा मीच बहिणीला म्हणालो, पोरीला औषधाच्या लाइनला घाल. कारणे तर्कशुद्ध होती. लोक कपडे शिवायचे थांबतील, फिरायला जायचे थांबतील, पण आजारी पडायचे कुणी थांबणार नाही. शिवाय नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर नसेल तर दुकानात एक गोळीसुद्धा विकता येत नाही, असा कायदा. म्हणजे केवळ हजर असणे हेच जिथे मुख्य काम आहे, अशी ही नोकरी. तशी पदे आमच्या कार्यालयातही पुष्कळ होती, पण तिथे हजेरीची सक्ती नव्हती.

या नोकरीसाठी शिक्षण भक्कम लागते. रसायनशास्त्र, शरीरशास्त्र, कोणते औषध कोणत्या औषधाशी भांडते आणि कोणते कोणाशी गोडीगुलाबीने राहते, हे सगळे भाचीने रात्रंदिवस घोकले. त्या ज्ञानाचा उपयोग तिला पहिल्या दिवसापासून झाला. पहिल्या गिऱ्हाइकाने दाढीचा साबण मागितला, दुसऱ्याने सुट्टे मागितले आणि तिसऱ्याने 'ती पांढरी गोळी' मागितली. माझ्या पाहणीनुसार दर शंभर गिऱ्हाइकांपैकी साठ जण औषधाचा रंग सांगतात, तीस जण बोटांनी आकार दाखवतात आणि उरलेले दहा 'मागच्या वेळचंच द्या' म्हणतात. (मागच्या वेळी ते समोरच्या दुकानात गेलेले असतात.) औषधाचे नाव सांगणारे गिऱ्हाईक मला अजून आढळलेले नाही, आढळल्यास कळवीन.

बढतीचीही सोय आहे. नवा फार्मासिस्ट डायपर आणि पावडरच्या बाजूला उभा राहतो. कामात चोख निघाला तर काही वर्षांनी त्याला फ्रिजच्या बाजूला घेतात. तिथे फ्रिज उघडला की गार वाटते. त्यावरचे पद मालकाच्या जावयाचे असते.

आता कामाच्या परिस्थितीकडे वळू. भाचीचे दुकान रुंदीला बेताचे, उंचीला भरपूर. दोन्ही बाजूंनी छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, खोक्यांवर पुन्हा खोकी. फळ्या आणि काउंटर यांच्यामध्ये एक बोळ. त्या बोळात एक माणूस सरळ चालू शकतो आणि जेवण झाल्यावर आडवा चालू शकतो. पंखा एकच आहे, त्याचे तोंड गिऱ्हाइकाकडे. काउंटरवर खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या, वजन कमी करण्याची पावडर आणि वजन वाढवण्याची पावडर शेजारी शेजारी नांदतात. या सगळ्यात खुर्ची नव्हती. आमच्या कार्यालयात माणूस नसला तरी खुर्ची असे. इथे माणूस होता.

खुर्ची नसण्यामागे मालकांचा पक्का विचार होता. मालक भला माणूस आहे. गरिबाला उधार देतो, आजीबाईंना रस्ता ओलांडून देतो. पण त्यांच्या मते औषधात निम्मा गुण औषधाचा असतो आणि निम्मा देणाऱ्याच्या उभे राहण्याचा. बसलेल्या माणसाच्या हातून घेतलेली गोळी पोटात जाऊन बसते, असे ते म्हणत. हे मत त्यांनी वडिलांकडून घेतले होते. वडिलांचे गुडघे पुढे बदलावे लागले, पण मत शाबूत राहिले.

भाचीच्या पायांनी सुरुवातीला सहकार्य केले. मग संध्याकाळी चपला घट्ट होऊ लागल्या, मग पोटऱ्यांवर निळ्या शिरा दिसू लागल्या. निम्म्या वस्तीला पायात घालायचे घट्ट मोजे कसे चढवावेत ते तिने समजावले होते. आता स्वतः चढवले. शेवटी शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी स्पष्ट सांगितले, बसून काम कर, नाहीतर ही नोकरी सोड, नाहीतर ऑपरेशनच्या टेबलावर आडवी हो. तिन्हींपैकी पहिलाच उपाय फुकटातला होता.

भाची घरी येऊन पाय उशीवर ठेवून बसली. मी म्हटले, सोडून दे, दुसरी नोकरी बघू.

"मामा, मला ही नोकरी आवडते," ती म्हणाली. "लोक येतात, घाबरलेले असतात, दोन शब्द बोललं की निवांत होऊन जातात. मला फक्त बसायचंय."

मला तेव्हा गलबलून आले. सदतीस वर्षे खुर्चीत बसून मला नोकरी कधी आवडली नव्हती.

तिने मालकांकडे विषय काढला. मालक हसले, म्हणाले बघू. 'बघू' म्हणजे काय, हे मला तिला समजावून सांगावे लागले, कारण हा शब्द मी आयुष्यभर वापरला आहे. तोंडी अर्जाला बूड नसते. मी तिला सल्ला दिला की जे हवे ते लेखी आण, आणि तेही अशा कागदावर की मालकांना तो परत करता येणार नाही. मालकांची ख्यातीच अशी होती की डॉक्टरची चिठ्ठी त्यांनी हयातीत कधी रिकामी परत पाठवली नाही.

डॉक्टरांनी आनंदाने चिठ्ठी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी गर्दीच्या वेळी भाची काउंटरला वळसा घालून बाहेर आली, रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर चिठ्ठी पुढे केली. मालकांनी सवयीने ती घेतली, डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, उलटी धरली आणि सवयीनेच 'मॅडम, हे काय लिहिलंय' म्हणून भाचीपुढे केली. भाचीने वाचून दाखवले: खुर्ची, एक, पाठ असलेली. काम चालू असताना, दिवसभर. तीन महिने, नंतर पुन्हा दाखवणे.

मालकांनी फळ्यांवर नजर फिरवली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मग त्यांच्या तोंडून जे निघाले ते तीस वर्षांच्या धंद्याने काढले, त्यांनी नव्हे.

"संपलीय. उद्या येईल."

रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले. आता माघार नव्हती. उद्या उजाडला आणि खुर्ची आली नाही. पण चिठ्ठी परत पाठवायची नाही, हे ब्रीद. तेव्हा मालकांनी जे प्रत्येक दुकानदार करतो तेच केले. पर्यायी माल काढला. वरच्या फळीवरची खोकी काढायला ठेवलेले स्टूल त्यांनी भाचीपुढे सरकवले.

"कंटेंट सेमच आहे, मॅडम. फक्त कंपनी वेगळी."

स्टुलाला पाठ नव्हती, पण वस्तीतल्या बऱ्याच जणांना कणाही नव्हता. खरी अडचण अशी की मागणी असलेली सगळी औषधे वरच्याच फळीवर होती. दर गिऱ्हाइकामागे भाचीला स्टुलावरून उठून त्याच स्टुलावर चढावे लागे. पूर्वी ती नुसती उभी राहत होती, आता उंचावर उभी राहू लागली. हा बढतीचाच एक प्रकार म्हणता येईल.

भाचीने तक्रार केली. मालकांनी स्टूल बंद करून आणखी परवडणारा पर्याय दिला: खोकल्याच्या औषधाचे भरलेले खोके. बसायला ऐसपैस, उंचीला योग्य, जाहिरातही आपोआप. पण नेमकी खोकल्याची साथ आली. बाटल्या त्याच खोक्यातून निघू लागल्या. सकाळी भाची काउंटरवर कोपर टेकवून बसलेली असे, दुपारी हनुवटी टेकवून, आणि संध्याकाळी गिऱ्हाइकांना फक्त तिचा भांग दिसे. एका आजोबांनी तिला लहान मुलगी समजून मोठ्या कुणाला तरी बोलवायला सांगितले.

शेवटी भाची पुन्हा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नवी चिठ्ठी दिली आणि खाली ठळक रेघ ओढून लिहिले: बदलून देऊ नये. धंद्यात या तीन शब्दांपुढे कुणाचे काही चालत नाही. ती चिठ्ठी मालकांच्या हातात ठेवून भाची घरी निघून आली.

आणि मग कायद्याने आपली ताकद दाखवली. फार्मासिस्ट नाही म्हणजे विक्री नाही. मालक दिवसभर आपल्याच दुकानात, आपल्याच औषधांच्या मध्ये, हात बांधून उभे राहिले. (स्टूल त्यांनी स्वतःच बंद केले होते आणि खोके रिकामे झाले होते.) संध्याकाळी त्यांचे गुडघे बोलू लागले. त्यांच्या वडिलांचे जे मत गुडघे बदलून बदलले नव्हते, ते एका दिवसात बदलले.

दुसऱ्या सकाळी मालक स्वतः खुर्ची डोक्यावर घेऊन आमच्या दारात उभे राहिले. पाठ असलेली, हात असलेली, मऊ गादीची. बहिणीने त्यांना बसा म्हटले, तर ते स्वतःच्याच खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. उठताना म्हणाले, "मॅडम, चुकलो. हिच्यात खरंच गुण आहे." त्या दिवशी मला माणसाच्या चांगुलपणाबद्दल काहीही शंका उरली नाही. आमच्या शाखेत एका खुर्चीसाठी आठ वर्षे पत्रव्यवहार चालला होता.

डायपरची एक रांग हलवून खुर्ची बोळात बसवण्यात आली. भाची तिच्यावर बसली. सूज उतरली, चपला सैल झाल्या. ती पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागली, समजावू लागली. आम्ही सगळे खूश होतो. ही परिस्थिती सुमारे आठवडाभर टिकली, कारण एक गोष्ट कुणीच विचारात घेतली नव्हती. गिऱ्हाईक.

पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांनी काळजी व्यक्त केली: बरं नाही का ताई? दुसऱ्या दिवशी विनोद केला: मजा आहे बुवा तुमची. तिसऱ्या दिवशी ते मालकांना बाजूला घेऊन बोलू लागले. एका काकूंना तिने बसल्या बसल्या रक्तदाबाची गोळी दिली. काकूंचा रक्तदाब दुकानातच वाढला. एका गृहस्थांनी सरळ सांगितले की आम्ही पैसे मोजून औषध घेतो, फुकट मागत नाही, उठून द्यायला काय झाले. समोरच्या मेडिकलमधला फार्मासिस्ट दिवसभर उभा असतो, घामाघूम असतो, मधूनमधून भिंतीला टेकतो. त्याच्याकडे पाहून लोकांना विश्वास वाटतो. लोक रस्ता ओलांडू लागले.

मालकांनी चिठ्ठी पुन्हा काढून वाचली, म्हणजे भाचीकडून वाचून घेतली. चिठ्ठीत खुर्ची द्यावी असे होते, ती काउंटरच्या कोणत्या बाजूला ठेवावी याबद्दल काहीच नव्हते. तेव्हा सर्वांचे समाधान होईल असा तोडगा निघाला. खुर्ची काउंटरच्या बाहेर आली, गिऱ्हाइकांसाठी. पंख्याच्या बरोबर खाली. रस्ता ओलांडून गेलेले लोक परत आले, काही तर आजारी नसतानाही आले. मालक भाचीपुढे मान खाली घालून उभे राहिले. धंदा सोडून बाकी सगळे ते तिच्यासाठी करायला तयार होते. डायपर पूर्ववत जागेवर गेले.

भाची रडली नाही. तिने औषधे बनवणाऱ्या एका कारखान्यात अर्ज केला, तपासणी विभागात. मुलाखतीत त्यांनी तिला बरेच प्रश्न विचारले, तिने त्यांना एकच विचारला. महिनाअखेर ती तिकडे रुजू होईल. तिथे माणसे येत नाहीत, नुसत्या गोळ्या येतात. मला तिच्या पायांचा आनंद आहे आणि बाकी सगळ्याचे वाईट वाटते.

त्या खुर्चीची आता ख्याती झाली आहे. परवा संध्याकाळी तुम्हीच तिच्यावर बसला होतात. पाय दुखतात म्हणालात, काहीतरी लावायला द्या. भाचीने मलम काढून दिले आणि समजावले की जास्त वेळ उभे राहत जाऊ नका, पाय अधूनमधून वर घ्या. तुम्ही पाय वर घेतलेत. मग पिशवी मांडीवर ठेवून म्हणालात, "तुमचं बरंय हो, सावलीतली नोकरी," आणि तुमच्या लेकीलाही याच लाइनला घालायचे आहे, इथे कधी जागा निघेल का, अशी भाचीला घ्यायला आलेल्या माझ्याकडे चौकशी केलीत.

जागा निघाली आहे. पगार वेळेवर होतो, मालक देवमाणूस आहेत, आणि चिठ्ठीवर मंजूर झालेली खुर्चीसुद्धा आहे. तेवढे तुम्ही उठलात की झाले.